आई भिशी सोडत नाही, तिला एसआयपीचं कसं पटवू?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही पुण्यात नोकरीला, आई सोलापुरात, ती दर महिन्याला पाच हजार भिशीत "घालवते", तेच एसआयपीत, म्हणजे म्युच्युअल फंडाच्या मासिक हप्त्यात, टाक म्हटलं तर ऐकत नाही, "हा अडाणीपणा कसा घालवू?" बाकी प्रश्न मी सोडून दिला असता. त्या एका शब्दापायी लिहितेय. मी बी.कॉम. आहे आणि अकरा वर्षं भिशी चालवते.

सोलापुरातच अशोक चौकाच्या पुढे आमचं शाळेच्या गणवेशांचं शिलाईचं काम आहे. पाच मशिनी, सहा बायका. या धंद्यात पैसा लागतो फेब्रुवारी-मार्चला, कापड उचलायला. आणि परत येतो जून-जुलैत, तोही दुकानदाराच्या मर्जीने. काज-बटणाचं मशीन आमच्याकडे नव्हतं. शिवलेले शर्ट गाठोडी बांधून दुसऱ्याकडे पाठवायचे, तो त्याच्या सवडीने देणार, ऐन हंगामात आमचा माल त्याच्या पायरीवर पडून. २०१९ च्या मार्चमध्ये एक जुनं पण चालू मशीन विकायला आलं, ब्याऐंशी हजारांना. बँकेत विचारलं तर तीन वर्षांची रिटर्न आणि दोन जामीनदार. सावकार महिन्याला तीन टक्के.

तेव्हा आमच्या भिशीच्या त्या फेरीचा चौथा महिना होता. वीस जणी, पाच-पाच हजार, एक लाखाची. लिलावाची भिशी म्हणजे दर महिन्याला सगळ्या हप्ता भरतात, आणि जमलेल्या रकमेतले सगळ्यात जास्त पैसे सोडायला जी तयार, तिला त्या महिन्याची रक्कम मिळते; सोडलेले पैसे सगळ्यांत वाटले जातात. पहिल्या रविवारी माझ्याच कटिंगच्या टेबलाभोवती सगळ्या जमतात, चहा होतो, मग बोली. ज्या बाईला जास्त गरज ती जास्त सोडते. त्या दिवशी हॉटेलवाल्या मावशी सतरा हजारांवर अडून बसल्या होत्या. मी अठरा म्हटलं. टेबलावर क्षणभर शांतता, मग मावशी म्हणाल्या, "घे बाई, तुझं मशीन पळून जाईल." ब्याऐंशी हजार हातात आले. सोडलेले अठरा हजार वीस जणींत वाटले गेले, म्हणजे त्या महिन्यात प्रत्येकीने ५,००० ऐवजी ४,१०० च भरले.

आता हिशेब ऐका, कारण आमचे धाकटे दीर मला हाच हिशेब येत नाही असं समजत होते. चौथ्या महिन्यापर्यंत माझे भरून झाले होते १७,१५०. हातात ८२,०००. चार महिने एसआयपी केली असती तर किती मिळाले असते? वीस हप्त्यांत मिळून मी भरले ९०,५००. म्हणजे मशीन मला साडेआठ हजार जास्तीला पडलं. नीट मांडलं तर महिन्याला दीड टक्क्याच्या आसपास व्याज, सावकाराच्या निम्मं. मशीन दोन हंगामांत फिटलं असतं, पण मध्ये लॉकडाऊन आला, शाळाच बंद, त्यामुळे चार वर्षं लागली. तो दोष भिशीचा नाही.

लॉकडाऊनचं सांगते. २०२० च्या मार्चपर्यंत सोळा हप्ते झाले होते, चौघींचं उचलायचं राहिलं होतं. विडी कारखाने बंद, यंत्रमाग बंद. आमच्या गल्लीत तेव्हा कुणाच्या घरात काय शिजत होतं ते आम्हाला माहीत आहे. मी तीन महिने भिशी थांबवली, जुलैत पुन्हा सुरू केली. शेवटचा नंबर एका विडी वळणाऱ्या बाईचा होता, तिच्या नोटांना कायम तंबाखूचा वास यायचा. ऑक्टोबरमध्ये तिला पूर्ण एक लाख मिळाले. तिनेही एकंदर ९०,५०० च भरले होते, म्हणजे वर्षाला साडेदहा टक्क्यांच्या आसपास सुटले. मधले तीन महिने वाया गेले नसते तर तेरा. तोवर एकोणीस जणी पैसे उचलून बसल्या होत्या, एकीनेही हप्ता बुडवला नाही. हे कुठल्या अ‍ॅपवर दिसत नाही.

आता भाऊजी, म्हणजे तेच धाकटे दीर. ते हिंजवडीला असतात, हुशार आहेत, त्यात वाद नाही. २०२१ च्या दिवाळीत सगळ्यांसमोर म्हणाले, "वहिनी, भिशी म्हणजे गरिबांचा टाइमपास." सासूबाई हसल्या, ते मी विसरले नाही. मग ते एसआयपीवरून शेअरवर गेले आणि शेअरवरून ऑप्शनवर, म्हणजे शेअरच्या भावावरच्या मुदतीच्या सौद्यांवर. तेव्हा दर गुरुवारी एक्स्पायरी असायची, म्हणजे सौद्यांची मुदत संपायची, त्या दिवशी आईचासुद्धा फोन उचलायचे नाहीत. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीचा २०२४ चा अहवाल आहे: तीन वर्षांत फ्युचर-ऑप्शन करणाऱ्या शंभरातल्या ९३ साध्या गुंतवणूकदारांचा तोटा झाला, सरासरी माणशी दोन लाखांच्या घरात. भाऊजींनी सरासरी वर नेली, त्यांचे साडेचार गेले. २०२४ च्या जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला आले, सगळे झोपल्यावर स्वयंपाकघरात येऊन उभे राहिले. शेंगाचटणी कुटत होते मी. "वहिनी, तुमच्या भिशीत एक नंबर मिळेल का?"

दिला.

हो, ऑप्शन म्हणजे एसआयपी नव्हे, कळतं मला. दोन्ही एकाच फोनवर, एकाच अ‍ॅपमध्ये शेजारी-शेजारी असतात, एवढंच माझं म्हणणं. एसआयपी मी स्वतः करते, इंडेक्स फंडात दोन हजारांची, मुलीच्या नावाने वेगळी समजून. दहा-पंधरा वर्षांच्या पैशाला ती चांगलीच. पण मार्चमध्ये कापड उचलायच्या पैशाला नाही. २०२० च्या जानेवारीत निफ्टी, म्हणजे शेअर बाजाराचा निर्देशांक, बारा हजारांच्या वर होता आणि २३ मार्चला ७,६१० वर बंद झाला. त्या आठवड्यात ज्याला पैसे काढावे लागले त्याला विचारा.

आणखी एक, हे आधी सांगायला हवं होतं. आमच्यासारख्या घरगुती भिशीला कायद्याचा आधार नाही. अशा भिशीला कायद्यात चिट फंड म्हणतात, त्याचा १९८२ चा कायदा आहे, त्याप्रमाणे नोंदणी लागते, गल्लीतली कुठलीच भिशी ती करत नाही. माझीही नाही. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो, इथे चालवणारीचा शब्द. आमच्या मागच्याच गल्लीत एक जण तीन भिश्या एकदम चालवायचा, एका रात्री घराला कुलूप. माझ्या नणंदेचे चाळीस हजार त्यात गेले. तेव्हा आईला फक्त एवढं विचारा: चालवणारी कोण, किती वर्षं, तिचं स्वतःचं घर आहे का, आणि आई बोली लावून उचलते की शेवटपर्यंत थांबते? चालवणारी नवी असेल किंवा एकाच वेळी दोन-तीन भिश्या फिरवत असेल तर ही फेरी संपली की बाहेर पडायला सांगा. जुनी असेल तर तिला शिकवायला जाऊ नका. तुमच्या पगारातून एसआयपी करा की.

आता हप्ते यूपीआयवर येतात, वही मी तरी ठेवतेच. भाऊजी इथे वाचत असतात. भाऊजी, तुमचा या महिन्याचा हप्ता अजून आलेला नाही, वहीत तुमच्यापुढची जागा कोरी आहे.