१३ वर्षांच्या मुलाने ट्रॅव्हल बेसबॉलच्या ट्रायआउटची तयारी घरी कशी करावी?

तुमचा मुलगा न्यू जर्सीत रेक लीग (सगळ्यांना खेळू देणारी गावातली लीग) खेळतो, ऑगस्टमध्ये ट्रॅव्हल टीमचं (निवडक मुलांचा, बाहेरगावी खेळणारा संघ) ट्रायआउट म्हणजे निवड चाचणी आहे, हातात तीन महिने आहेत, आणि तुम्ही स्वतः क्रिकेटवर वाढलेले आहात. बॅटिंग केजचे (फटक्यांच्या सरावाची भाड्याची जाळी) पैसे भरावेत का, असं विचारलंय. माझं उत्तर: केज नंतर, आधी थ्रो.

कारण मैदानच बदलणार आहे. लिटल लीगच्या (मुलांच्या बेसबॉलची संघटना) लहान मैदानावर दोन बेसमध्ये ६० फूट आणि पिचरपासून (चेंडू टाकणारा) होम प्लेटपर्यंत (जिथे फलंदाज उभा असतो) ४६ फूट अंतर असतं. मोठ्या मैदानावर ते ९० आणि ६० फूट ६ इंच होतं. (१३ वर्षांपर्यंतच्या ट्रॅव्हल संघांना बऱ्याचदा मधलं, ८० आणि ५४ फुटांचं मिळतं.) कॅचरचा (बेसबॉलचा यष्टिरक्षक) दुसऱ्या बेसवरचा थ्रो सुमारे ८५ फुटांवरून १२७ फुटांवर जातो. काल शॉर्टस्टॉपवरून (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधली जागा) सरळ फर्स्टच्या, म्हणजे पहिल्या बेसवरच्या खेळाडूच्या, ग्लव्हमध्ये बसणारा चेंडू आता टप्पा खात पोचतो, आणि प्रशिक्षकांना हे वॉर्मअपच्या थ्रोमध्येच दिसतं.

थ्रोच्या सरावाला आठवड्यातून तीन ते चार दिवस पुरे. आधी पाच-सात मिनिटं धावणं, खांदे फिरवणं, रबर बँडचे व्यायाम. अंग गरम झाल्याशिवाय चेंडू हातात घ्यायचाच नाही. मग ३०, ४५, ६०, ७५ आणि ९० फुटांवरून प्रत्येकी आठ-दहा थ्रो. ९० फुटांवर चेंडू उंच चढवून पोचवावा लागत असेल, तर अंतर १५ फुटांनी कमी करा. चेंडूची शिवण एका बाजूला घोड्याच्या नालेसारखी वळते. पहिली दोन बोटं त्या शिवणीवर आडवी, अंगठा खाली, आणि चेंडू व तळहातात बोटभर फट. चेंडू तळहातात रुतला की वेग जातो. पकड बरोबर आहे का ते पाहायला जुन्या चेंडूला काळ्या इलेक्ट्रिक टेपचा एक वेढा द्या, दोन बोटांच्या मधून जाईल असा. हवेत ती पट्टी सरळ रेघेसारखी फिरली तर ठीक. डगमगली तर सुटताना बोटं चेंडूच्या कडेला घसरताहेत, आणि असा थ्रो फर्स्टपाशी पोचेपर्यंत बाजूला पळतो.

ग्राउंड बॉलला (जमिनीवरून येणारा चेंडू) तुमच्या क्रिकेटची सवय आड येईल, म्हणून जरा जपून. एक गुडघा टेकून अडवायला मुलाला शिकवू नका. चौकार वाचवायला ते उत्तम, पण इथे फलंदाज काही सेकंदांतच फर्स्टला पोचतो, आणि गुडघ्यावरून उठून थ्रो करेपर्यंत खेळ संपलेला असतो. पाय खांद्यांपेक्षा रुंद, बैठक खाली, ग्लव्ह आधीच जमिनीला टेकलेला. ग्लव्ह खालून वर उचलायला वेळ मिळतो, वरून खाली न्यायला मिळत नाही. पायांतून चेंडू जातो तो बहुतेक वेळा याच कारणाने. दुसरा हात ग्लव्हच्या अंगठ्याशी ठेवावा, म्हणजे चेंडू आत येताच तो झाकतो आणि तिथूनच पकड घेतो. गॅरेजच्या भिंतीपासून १५ फुटांवर टेनिस बॉल घेऊन रोज ५० वेळा: पहिले २५ नुसत्या हाताने, उरलेले ग्लव्हने. शेवटच्या दहांना उजवा-डावा असे पाय टाकून थ्रोच्या पवित्र्यात यायचं.

उंच चेंडू डोक्यावरून जात असेल तर उलटं पळायचं नाही. ज्या बाजूला जातोय त्या बाजूचा पाय मागे टाकून वळायचं आणि मग धावायचं.

बॅटिंगला एक टी (वर चेंडू ठेवायचा उभा दांडा) आणि जाळी पुरते. दहा-दहाचे चार सेट, प्रत्येक फटक्यानंतर पुन्हा नीट उभं राहून. मधल्या चेंडूसाठी टी पुढच्या पायाच्या रेषेत, आतल्यासाठी सहा इंच पुढे, बाहेरच्यासाठी तेवढाच मागे. टी पोटासमोर ठेवून सराव केला तर खऱ्या पिचिंगवर फटका कायम उशिरा येतो. आणि इथेही क्रिकेट नडतं: चेंडूच्या रेषेत पाय टाकू नये. पाऊल दरवेळी पिचरकडेच, चार-सहा इंचांचं. पाय रेषेत गेला की कंबर वळत नाही आणि फटका नुसत्या हातांचा उरतो. नवी बॅट घेण्याआधी संघ कोणत्या नियमांखाली खेळतो ते विचारा. काही स्पर्धांना यूएसए बेसबॉल या संस्थेचा शिक्का लागतो, काहींना यूएसएसएसए या संस्थेचा, आणि चुकीच्या शिक्क्याची महागडी बॅट मैदानाबाहेर राहते.

लिटल लीगच्या लहान मैदानावर चेंडू फलंदाजापर्यंत पोचेपर्यंत रनरला बेस सोडता येत नाही. मोठ्या मैदानावर आधीच लीड घेता येतं, म्हणजे बेसपासून काही पावलं पुढे उभं राहता येतं, आणि पिचर वळून त्या बेसवर थ्रो करू शकतो. फर्स्टवरून उजव्या हाताच्या पिचरची उजवी टाच बघायला शिकवा. ती उचलली तर लगेच परत. डावा पाय आधी उचलला तर चेंडू होमकडे चाललाय.

मुलगा पिचिंग करत असेल तर चेंडू वहीत मोजा. मेजर लीग आणि यूएसए बेसबॉलच्या पिच स्मार्ट नियमांत १३-१४ वर्षांसाठी दिवसाला जास्तीत जास्त ९५ पिच (पिचरने टाकलेले चेंडू) आहेत. ६६ किंवा अधिक टाकल्या तर चार दिवस विश्रांती, २१ ते ३५ टाकल्या तर एक. शिवाय वर्षात किमान चार महिने थ्रोइंग बंद. रेक आणि ट्रॅव्हल दोन्ही चालू असतील तर दोघांचा हिशेब एकत्र धरा, कारण दोन्ही प्रशिक्षक फक्त आपापल्या पिच मोजतात. त्याच सामन्यात पिचिंगनंतर कॅचर म्हणून उभं करू लागले तर स्पष्ट नाही म्हणा. या वयात कोपराच्या आतल्या बाजूची हाडाची वाढ पूर्ण झालेली नसते. तिथे दुखलं तर बर्फ लावून खेळवू नका. त्या दिवशीच थ्रो बंद करून डॉक्टरांना दाखवा.

ट्रायआउटच्या आदल्या दिवशी ४५ फुटांपर्यंत वीस हलके थ्रो, टीवर वीस फटके, बस.