जपानमधल्या भगिनी शहराचं शिष्टमंडळ येणार आहे. महापालिकेने तयारी कुठून सुरू करावी?

आठ पाहुणे, तीन दिवसांचा मुक्काम आणि हाताशी दोन महिने, असं तुम्ही लिहिलं आहे. तेवढा वेळ पुरतो, पण सुरुवात हारतुऱ्यांपासून नको, कागदांपासून करा. मंत्रालयातल्या राजशिष्टाचार विभागाला पत्र आजच जाऊ द्या. नव्या करारावर सह्या होणार असतील तर मसुदा महासभेपुढे आणि परराष्ट्र मंत्रालयाकडे आधी जायला हवा. सह्यांची तारीख छापून झाल्यावर मंजुरीसाठी धावपळ करणं हीच नेहमीची चूक असते.

पाहुणे हॉटेलात उतरले की त्यांची नोंद 24 तासांत एफआरआरओच्या, म्हणजे परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयाच्या, पोर्टलवर करावी लागते. हॉटेलवाल्यांना हे ठाऊक असतं. कुणाला घरी उतरवणार असाल तर त्या कुटुंबालाही ती नोंद करावी लागते, आणि ते सांगायचं नेमकं राहून जातं.

झेंड्यांकडे स्वतः लक्ष द्या. तिरंगा आणि जपानी ध्वज दोन्ही 3:2 प्रमाणाचे आहेत, त्यामुळे एकाच मापाचे मागवा. टेबलावर 150 बाय 100 मिलिमीटरचे चालतात. जपानी ध्वजावरच्या लाल वर्तुळाचा व्यास ध्वजाच्या उंचीच्या तीन-पंचमांश असतो. स्थानिक छपाईत ते हमखास लहान-मोठं होतं, म्हणून नमुना मोजून घ्या. मंचावर प्रेक्षकांकडे तोंड करून उभं राहिल्यावर तिरंगा उजव्या हाताला, म्हणजे प्रेक्षकांच्या डावीकडे हवा. महापौरांच्या गाडीवर तिरंगा लावू नका; ध्वजसंहितेत तो मान ज्यांना आहे त्या यादीत महापौर नाहीत.

बैठकीत मुख्य पाहुण्यांना दारापासून सर्वांत लांबची खुर्ची द्या, जपानी रीतीत मानाची जागा ती. व्हिजिटिंग कार्ड दोन्ही हातांनी द्यायचं-घ्यायचं, वाचायचं आणि बैठक संपेपर्यंत समोर टेबलावर ठेवायचं. लगेच खिशात घालणं त्यांना खटकतं. हे आयुक्तांपासून कनिष्ठ अभियंत्यापर्यंत सगळ्यांना एकदा करून दाखवा.

दुभाषे दोन घ्या. दिवसभर एकाच्या डोक्यावर भार टाकला की दुपारनंतर चुका होतात. दुभाष्यामार्फत दहा मिनिटांचं भाषण वीस मिनिटं चालतं, तेव्हा पाच वक्ते असतील तर तीनच ठेवा. भाषणं तीन दिवस आधी लेखी द्या. कुणी तुकोबांचा अभंग म्हणणार असेल तर तोसुद्धा. ऐन वेळी अभंगाचं जपानी कुणालाच जमत नाही. जेवताना दुभाषा बोलतच असतो, म्हणून त्याचं जेवण आधी उरकू द्या.

सत्कारात शाल-श्रीफळ जरूर असावं, पण नारळ हातात दिल्यावर आदबीने परत घ्या. जपानमध्ये ताजी फळं-भाज्या रोपस्वच्छता प्रमाणपत्राशिवाय, म्हणजे कीड-रोग नसल्याच्या सरकारी दाखल्याशिवाय, नेता येत नाहीत आणि विमानतळावर काढून घेतात. हापूसच्या पेटीचंही तेच, मोसम असला तरी. आंबा त्यांना इथेच कापून खाऊ घाला. भेट हलकी आणि न फुटणारी हवी: पैठणीच्या कापडाचा स्टोल, वारली चित्र किंवा पुण्याच्या तांबट आळीतलं छोटं तांब्याचं भांडं. चार किंवा नऊ नगांचा संच टाळा. जपानीत चारचा एक उच्चार ‘मृत्यू’सारखा आणि नऊचा ‘यातना’सारखा होतो. पुणेरी पगडी तयार मापाची असते, त्यामुळे डोक्याचा घेर आधी मागवून घ्या. फेटे बांधणार असाल तर माणशी चार मिनिटं धरा. एकच बांधणारा आणला तर आठव्या पाहुण्याचा फेटा होईस्तोवर अर्धा तास उलटतो.

माझं ठाम मत असं, की तीन दिवसांतला निदान एक पूर्ण दिवस पाणीपुरवठा, घनकचरा आणि अग्निशमनच्या अधिकाऱ्यांनी त्यांच्या जपानी जोडीदारांसोबत बसावं. मुंबई आणि योकोहामाचं भगिनी शहरांचं नातं 1965 पासूनचं आहे. पुण्यातलं पु. ल. देशपांडे उद्यान जपानमधल्या ओकायामा शहराच्या, 1700 साली पूर्ण झालेल्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर उभं राहिलं. असं काही उभं राहायचं तर कामाची माणसं समोरासमोर यावी लागतात. त्या बैठकीसाठी दोन्हीकडून तीन-तीन प्रश्न महिनाभर आधी लेखी मागवा. आपल्याकडून गळती, कचरा वर्गीकरण असे नेमके प्रश्न, आकड्यांसह पाठवा. ‘माहितीची देवाणघेवाण’ एवढंच लिहून पाठवलंत तर ते सादरीकरण दाखवतील, आपण टाळ्या वाजवू आणि बैठक तिथेच संपेल.