वाचकांचे प्रश्न : पट्टी कुणाच्या गळ्याची?

मी बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेत शिकवतो. पहिली ते पाचवी मिळून ३८ पोरं. पेटी मला येते. काळी १ मध्ये (सप्तकातल्या पहिल्या काळ्या पट्टीला सा धरून) प्रार्थना म्हटली की लहानगी पुटपुटतात आणि चौथी-पाचवीची पोरं ओरडतात. सुरात कुणीच नाही. काय चुकतंय?

सर, काळी १ ही तुमच्या गळ्याची पट्टी आहे, पोरांच्या नाही. तुमचा षड्ज, म्हणजे सा, त्यांच्या आवाक्याच्या खाली जातो, म्हणून लहानगी सूर सोडून बोलल्यासारखं म्हणतात. मोठी पोरं तोच सूर एक सप्तक वर धरतात. मग गाणं तार षड्जाच्या (वरच्या सा च्या) पुढं गेलं की गळ्याला ताण बसतो, आणि ताणाचं ओरडणंच होतं.

काळी ५ धरा. मधल्या सप्तकाच्या लगेच डावीकडची, ज्या पट्टीत बायका गातात ती. तिथून सा ते ध एवढा टप्पा पहिली-दुसरीच्या पोरांना सहज पेलतो. गाणं तार षड्जाच्या पुढं जात नसेल तर मोठ्यांसाठी मधल्या सप्तकातली पांढरी १ चालेल. पेटी खर्ज-नर (जाड आणि त्याहून बारीक अशा दोन सुरांची) असेल तर खर्जाचा खटका बंद ठेवा. दोन्ही उघडे असले की एकच पट्टी दाबली तरी दोन सप्तकांतले सूर वाजतात, आणि कुठलं धरायचं ते पोरांना उमगत नाही.

दुसरी अडचण तुमच्या आवाजाची. पुरुषाचा आवाज पोरांपेक्षा एक सप्तक खाली असतो. मोठी पोरं हा फरक आपोआप भरून काढतात, पहिलीतलं पोर तुमच्याच सुराला जायला बघतं आणि घोगरं होतं. ओळ पेटीवर वाजवून दाखवा, किंवा सुरात गाणारी चौथीतली एखादी मुलगी पुढं उभी करून तिच्याकडून म्हणवून घ्या.

एकाच सुरावर अडकणारी दोन-चार पोरं प्रत्येक वर्गात निघतात. त्यांना ‘तू नुसते ओठ हलव’ म्हणू नका. तिथंच त्यांचं गाणं संपतं. ते पोर ज्या सुरावर आहे तो तुम्ही पेटीवर धरा, त्याचा सूर जुळल्याची जाणीव त्याला होऊ दे, मग एकेक स्वर वर न्या. कोकिळेच्या कुहूसारखे खालून वर चढणारे आवाज काढायला लावले की गळा मोकळा होतो. स्वरांची सुरुवात भूप रागापासून करा: सा रे ग प ध. मध्यम-निषाद (म आणि नी) नसल्यामुळं यात अर्ध्या स्वराचं अंतर कुठंच येत नाही, आणि पोरं घसरतात ती बहुधा तिथंच. आठवड्यातून एकदा ४० मिनिटांपेक्षा रोज १० मिनिटं द्या.

चिकोडी भागात शिक्षिका आहे. नाडगीत (कर्नाटकाचं राज्यगीत, कन्नडातलं) म्हणताना आमची मराठी मुलं पुढं पळतात, पेटी मागं राहते. ताल कच्चा आहे का?

ताल नाही ताई, अक्षरं गळतात. मराठीत शब्दाच्या शेवटचा ‘अ’ आपण खातो. ‘कर्नाटक’ आपल्या तोंडी कर्-ना-टक् असा तीन तुकड्यांत येतो, कन्नडात तो कर्-ना-ट-क असा चार तुकड्यांचा. प्रत्येक ओळीत असं एखादं अक्षर गळालं की मुलं समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) आधी पोचणारच.

दुसरी गडबड ए आणि ओ ची. कन्नडात हे दोन्ही स्वर ऱ्हस्व आणि दीर्घ असे वेगळे आहेत. ऱ्हस्व ‘कॊडु’ म्हणजे दे, दीर्घ ‘कोडु’ म्हणजे शिंग. मराठी मूल दोन्ही सारखेच ओढतं. म्हणजे एकीकडं अक्षर खातं, दुसरीकडं लांबवतं, आणि आपण दोष लयीला देतो.

आधी चाल बाजूला ठेवा. कन्नडच्या बाईंकडून किंवा घरी कन्नड बोलणाऱ्या मुलाकडून एकेक ओळ सावकाश वाचून घ्या. बाकीच्यांनी प्रत्येक अक्षराला टेबलावर बोट टेकवायचं. फळ्यावर देवनागरीत लिहीत असाल तर ऱ्हस्व ए-ओ वर रंगीत खडूनं खूण करा. एका कडव्याला चार दिवस द्या. मग चाल. सरकारनं २०२२ मध्ये नाडगीताला २ मिनिटं ३० सेकंद ठरवून दिलेत, तेव्हा घड्याळ लावून बघा. बरंच आधी संपलं तर अक्षरं अजून गळतायत. आवाज वाढला की लयही पळते, म्हणून सराव हळू आवाजातच घ्या.

एसडीएमसीकडून (शाळेच्या विकास समितीकडून) थोडे पैसे मिळतायत. तबला घ्यावा का?

शाळेत तबला जुळवणारं माणूस असेल तरच. नाहीतर पावसाळ्यात पुडी (तबल्यावरचं कातडं) सैल पडते आणि जोडी कपाटावर जाते. त्यापेक्षा टाळांच्या दहा जोड्या आणि वर्गाला पुरतील एवढ्या टिपऱ्या घ्या. दादरा तालाच्या सहा मात्रांत पहिल्या मात्रेवर टाळ, चौथ्या मात्रेवर नुसता हात उघडायचा. केरवा तालाच्या आठांत पहिल्या मात्रेवर टाळ, पाचव्या मात्रेवर हात. लेझीम चौथीच्या वर्गापासून, लहानांच्या हाताला ती जड पडते. तानपुरा मोबाईलवर फुकट मिळतो. आणि पेटी आधीच असेल तर ती अक्षर दासोहाच्या (शाळेतल्या दुपारच्या जेवणाच्या) तांदळाच्या पोत्यांशेजारी ठेवू नका. उंदीर भात्याचं कातडं कुरतडतात.