शेअर दलालांचे जीवन चित्रपटात दाखवतात तसेच असते का?

'द वुल्फ ऑफ वॉल स्ट्रीट' पाहून आपण विचारले आहे की दलालांची अशी उधळपट्टी खरोखर चालते का. माझ्या मते त्यातील चैन बरीचशी खरी आहे. पैसा कसा येत होता, हे मात्र चित्रपट जेमतेम सांगतो.

चित्रपट ज्याच्यावर बेतला आहे त्या जॉर्डन बेलफोर्ट या दलालाची स्ट्रॅटन ओकमाँट ही पेढी वॉल स्ट्रीटवर नव्हतीच, ती लाँग आयलंडवरील लेक सक्सेस येथे होती. त्याची नौका १९९६ साली सार्डिनियाजवळ खरोखरच बुडाली आणि अमली पदार्थांचे व्यसनही त्याने स्वतःच कबूल केले आहे. अर्थात कथा त्याच्याच आत्मकथनावर बेतलेली असल्यामुळे तिच्यातील फुशारकी वाचकाने आपल्या अंदाजाने वजा करावी. मूळ धंदा असा, की किरकोळ कंपन्यांचे शेअर आपल्याच माणसांच्या नावावर स्वस्तात साठवायचे, फोनवरून गिऱ्हाइकांच्या गळ्यात मारून भाव चढवायचा आणि चढलेल्या भावाला आपला माल विकून मोकळे व्हायचे. चित्रपटाचा नायक हे समजावू लागतो आणि मध्येच सोडून देतो. ज्यांची पुंजी बुडाली ती माणसे तर फोनवरच्या आवाजापलीकडे फारशी दिसतच नाहीत. न्यायालयाने बेलफोर्टला सुमारे ११ कोटी डॉलर भरपाई द्यायला सांगितले, यावरून त्यांच्या नुकसानीची कल्पना यावी.

मुंबईचा शेअर दलाल हर्षद मेहता याच्यावरील कथानकांतही वरळीचे प्रशस्त घर आणि लेक्सस गाडी ठसठशीत दिसते, कारण ती पडद्यावर दाखवता येते. १९९२ चा घोटाळा मात्र बँकांमधील सरकारी रोख्यांच्या रेडी फॉरवर्ड (आज विकून ठरल्या दिवशी ठरल्या भावाने परत घेण्याच्या) व्यवहारांत आणि रोख्यांऐवजी हातात पडणाऱ्या 'बँक रिसीट' नावाच्या बँकेच्या पावतीत होता, आणि एका कागदावर प्रेक्षकाला तीन तास खिळवून ठेवणे कोणत्याही दिग्दर्शकाला अवघडच.

मी फोर्टमधील एका दलाली पेढीत हिशेबाच्या बाजूला काम केले आहे. साडेतीनला बाजार बंद झाला की आमचे खरे काम सुरू होई: सौदे जुळवणे, काँट्रॅक्ट नोट, म्हणजे झालेल्या सौद्यांची पावती, गिऱ्हाइकाला पाठवणे आणि ज्याचे मार्जिन, म्हणजे सौद्यांसाठी ठेवायची अनामत, कमी पडले असेल त्याला फोन करून पैसे भरायला सांगणे, जे ऐकताच नेहमीचे गोडबोले गिऱ्हाईकही एकदम तुटक बोलू लागे. चैनीच्या नावाखाली मी पाहिले ते दिवाळीतल्या मुहूर्ताच्या सौद्यांच्या संध्याकाळी वाटलेले मिठाईचे खोके. शेठजींची मोटारसुद्धा जुनीच होती.