प्रायश्चित्त, किप्पेर आणि सारवण

प्रश्न असा आहे: ‘ख्रिस्ताने आमच्या पापांचे प्रायश्चित्त घेतले’ हे मराठी बरोबर आहे का? आणि इंग्रजी ‘अटोनमेंट’ला, म्हणजे ख्रिस्ताच्या मरणाने पाप मिटून देवाशी नातं जुळण्याला, प्रायश्चित्त हा प्रतिशब्द चालेल का?

पहिल्याचं उत्तर सरळ आहे. बरोबर नाही. मराठीत प्रायश्चित्त घेतो तो ज्याच्या हातून दोष घडला तो, आणि देतात ते शास्त्री. १८९० साली पुण्याच्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनात चहा घेतल्यावरून ग्रामण्य, म्हणजे जातिबहिष्काराचा वाद, उभं राहिलं आणि पुढे न्यायमूर्ती रानड्यांनी प्रायश्चित्त घेतलं. ते त्यांचं स्वतःचं होतं, दुसऱ्या कोणाचं नव्हे. त्यामुळे ‘ख्रिस्ताने घेतले’ म्हटलं की मराठी कानाला दोष ख्रिस्ताचाच वाटतो, आणि असं तर कुठलाच ख्रिस्ती पंथ मानत नाही. मराठी बायबलच्या भाषांतरकारांना हे नेमकं कळलं होतं. योहानाच्या पहिल्या पत्रात (२:२) त्यांनी लिहिलं की तो आपल्या पापांबद्दल प्रायश्चित्त ‘आहे’. तिथे घेणंही नाही, देणंही नाही. मूळ ग्रीकमध्येही ‘हिलास्मोस’ हे नाम आणि ‘आहे’ हे क्रियापद, एवढंच आहे. तरी प्रवचनांतून ‘घेतले’ चालूच असतं.

वर्तमानपत्रांचं तर विचारू नका. ‘संघाला चुकीचे प्रायश्चित्त भोगावे लागले’, ‘नियतीने त्याला प्रायश्चित्त दिले’. भोगायची ती शिक्षा. ती नको असली तरी वाट्याला येते. प्रायश्चित्त आपण होऊन घ्यायचं असतं. हा फरक पुसला गेला की ख्रिस्ती धर्मशास्त्रातला निम्मा वाद मराठीत मांडताच येणार नाही, कारण क्रूसावर शिक्षा झाली की शुद्धी झाली, हाच तर तो वाद आहे.

संस्कृत व्युत्पत्तीवर फार वेळ घालवत नाही. प्राय म्हणजे तप आणि चित्त म्हणजे निश्चय, हा श्लोक सगळे तोंडपाठ म्हणतात. पण मधला ‘श्’ नेहमीच्या संधिनियमाने येत नाही, त्याच्यासाठी वैयाकरणांना वेगळं वार्तिक, म्हणजे पुरवणी-नियम, करावं लागलं. तप आणि निश्चय हा अर्थ मागाहून बसवलेला आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. जैनांनी प्राकृत ‘पायच्छित्त’ची ‘पाप छेदतं ते’ अशी फोड केली. तीही मागाहूनचीच, पण कितीतरी जिवंत.

खरी मजा हिब्रूत आहे. जुन्या करारात, म्हणजे बायबलच्या हिब्रू भागात, जिथे आपण प्रायश्चित्त वाचतो तिथे मूळ क्रियापद ‘किप्पेर’. योम किप्पुर हा यहुदी सण त्याचाच, आणि कराराच्या कोशावरचं, म्हणजे पवित्र पेटीवरचं ‘दयासन’, म्हणजे ‘कप्पोरेत’, तेही त्यातलंच. धातू क-प-र. आता प्रवचनकार छातीठोकपणे सांगतात की किप्पेर म्हणजे झाकणे. जुन्या करारात पाप नुसतं झाकलं जायचं, नव्यात ते काढून टाकलं गेलं. ऐकायला ठसकेबाज आहे, पण टिकत नाही. जुन्या करारातल्या लेवीय या पुस्तकातलं १६:३० उघडून बघा. त्या दिवशी तुमच्यासाठी किप्पेर होईल ते तुम्हाला शुद्ध करण्यासाठी, असं तिथे शब्दशः आहे. नुसत्या झाकण्याने कोण शुद्ध होतं?

झाकण्याचा अर्थ आणला तो अरबीवरून. तिकडे ‘कफर’ म्हणजे झाकणे. आपल्याकडे आलेला ‘काफर’ त्यातलाच, सत्य झाकणारा या अर्थाने. बी मातीखाली झाकतो म्हणून शेतकऱ्यालाही अरबीत तोच शब्द लागतो. आणि मोडलेल्या शपथेबद्दल द्यायचा ‘कफ्फारा’सुद्धा त्याच घरातला. म्हणजे काफर आणि कफ्फारा सख्खे भाऊ!

पण प्राचीन बॅबिलोनच्या अक्कादी भाषेत त्याच धातूचं ‘कुप्पुरू’ म्हणजे घासून पुसणे. बॅबिलोनच्या नववर्षाच्या उत्सवात पाचव्या दिवशी मेंढरू कापून त्याच्या धडाने मंदिर पुसत आणि मग ते धड नदीत फेकत. लेवीयातला याजक दयासनावर आणि वेदीवर रक्त शिंपडतो, त्याच्या शेजारी हे ठेवून पाहा.

मग झाकणे की पुसणे? शब्दकोशकारांचे दोन तट पडले आहेत. मला हे भांडणच खोटं वाटतं, आणि ते मिटवायला मराठीइतकी सोयीची भाषा नाही. आपण जमीन सारवतो. सारवणं म्हणजे शेणाचा थर देऊन झाकणं की साफ करणं? दोन्ही. हात एकच फिरतो, त्याने भेगा बुजतात आणि जमीन शुद्धही होते. शिवाय चूक झाकण्याला आपण ‘सारवासारव’ म्हणतो. किप्पेरचा मूळ अर्थ हाच असणार, लेप देत हात फिरवणं. उत्पत्तीच्या सहाव्या अध्यायात नोहाला तारवाला आतून-बाहेरून डांबर फासायला सांगितलं आहे. तिथे क्रियापद याच तीन अक्षरांचं, आणि डांबराला शब्द ‘कोफेर’. लेवीयावर प्रचंड भाष्य लिहिणारे जेकब मिलग्रोम यांनीही सुचवलं आहे की पदार्थ घासून लावताही येतो आणि घासून काढताही येतो, म्हणून दोन्ही अर्थ एकमेकांना पूरक असावेत. त्यांना सारवण माहीत असतं तर एका शब्दात काम झालं असतं.

यातून एक मोठी गोष्ट हाती लागते. सारवायची असते ती जागा. जुन्या करारात किप्पेरचं कर्म वेदी असतं, पवित्रस्थान असतं, पण देव कधीच नसतो. म्हणून नव्या कराराचे अभ्यासक सी. एच. डॉड यांनी १९३१ साली मांडलं की बायबलच्या ग्रीकमधली ‘हिलास्कोमाय’ ही क्रिया देवाला शांत करण्याची नाही, पाप दूर करण्याची आहे. दुसरे अभ्यासक लिऑन मॉरिस यांनी १९५५ साली त्यांना जोरदार उत्तर दिलं, की देवाचा क्रोध असा गाळता येणार नाही. मॉरिस यांच्या बाजूने एक वचन खरंच भक्कम आहे. उत्पत्ती ३२ मध्ये याकोब म्हणतो की भेट पाठवून एसावाचं तोंड ‘किप्पेर’ करीन. म्हणजे चेहऱ्यावरचा राग पुसून टाकीन. पण एसाव हा रागावलेला भाऊ आहे, देव नव्हे. त्या तोंडावरून थेट क्रूसापर्यंत उडी मारणं मला मुळीच पटत नाही.

राहिला इंग्रजी शब्द. तो ‘अ‍ॅट वन’, म्हणजे एक होणे, यावरून झाला. बायबलचा भाषांतरकार विल्यम टिंडेल याने तो घडवला असं जिथे तिथे लिहितात. ते चूक आहे. टिंडेलचा नवा करार १५२६ चा, आणि त्याच्याआधीच तो शब्द कॅथलिक पंडित टॉमस मोरच्या लिखाणात आहे. हे दोघे एकमेकांचे कट्टर वैरी, पानंच्या पानं भांडलेले, आणि एकीचा हा शब्द दोघांच्याही लेखणीत!

१६११ च्या इंग्रजी बायबलात नव्या करारात हा शब्द एकदाच येतो, रोमकरांस ५:११ मध्ये. तिथे ग्रीक ‘कातालागे’ आहे, तुटलेलं नातं पुन्हा जुळणं. मराठीत तिथे ‘समेट’ आहे आणि तो अगदी चोख आहे. १८८१ च्या सुधारित इंग्रजी आवृत्तीने तर तिथला अटोनमेंट काढूनच टाकला.

तेव्हा दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: एका शब्दावर भागणार नाही. वेदी, रक्त, शुद्धी यांचा संबंध असेल तिथे प्रायश्चित्त, आणि देव-माणसाचं नातं जुळल्याचं सांगायचं असेल तिथे समेट. आणि प्रायश्चित्तमध्ये शेवटी दोन त आहेत, तेवढे लिहा.