गाळ ओला आहे तोवर

प्रिय बाळ,

रात्री दीडला पाठवलेला तुझा मेसेज मी सकाळी चहा ठेवताना वाचला, आणि चहा उतू गेला. त्यात तुला सोडून गेलेला ‘तो’ पाच-सहा वेळा आलाय, आजी दोनदाच, आणि ‘लाज’ जवळजवळ प्रत्येक ओळीत. म्हणून मीही लाजेपासूनच सुरू करते.

मैत्रिणीच्या वाढदिवसाला, रंकाळा चौपाटीवर भेळेच्या गाडीसमोर तू त्याला फोन लावलास. ‘माझं काय चुकलं तेवढं तरी सांग’ म्हणून रडलीस आणि कुणीतरी फिस्सकन हसलं. त्याच रात्री तू ग्रुप सोडलास. नऊ दिवसांनी आजी गेली. पोरी भेटायला आल्या तर तू परसात मोरीच्या भिंतीआड बसून राहिलीस. आणि रक्षाविसर्जनाला सगळे हात जोडून कावळ्याची वाट बघत असताना तू ओढणीआड त्याचं ‘लास्ट सीन’ बघत होतीस.

हे शेवटचं लिहायला तुला सगळ्यात जड गेलं असणार. पंचगंगेच्या काठावर मी कितीतरी रक्षाविसर्जनं पाहिलीत. कावळा शिवेपर्यंत माणसं उसाच्या बिलाचं बोलतात, गाडी कुठं लावली ते बोलतात. एवढं दुःख एकदम अंगावर घेता येत नाही, मन कुठल्या तरी दारानं बाहेर सटकतं. तुझं ज्या दारानं सटकलं ते नेमकं दुखरं निघालं. आजीवरची माया त्यानं कमी होते होय?

कॉर्नेल विद्यापीठातला एक प्रयोग मी वर्गात नेहमी सांगायचे. २००० साली तो प्रसिद्ध झाला. घालायला लाज वाटावी असा एका गायकाचा टी-शर्ट चढवून विद्यार्थ्यांना भरल्या खोलीत पाठवलं. निम्म्याजणांनी तरी पाहिला असणार, असं त्यांना वाटलं. प्रत्यक्षात जेमतेम पाव लोकांच्या तो ध्यानात होता. पण खरं सांगू, तुला हे पुरतं लागू होत नाही. तुझ्या पोरी दोन हातांच्या अंतरावर उभ्या होत्या. त्यांनी पाहिलं, ऐकलं. ‘कुणाच्या लक्षातसुद्धा नसेल गं’ असली समजूत मी घालणार नाही. फक्त त्यांच्या लक्षात काय राहिलंय, हे तू विचारलेलं नाहीस.

मीही विचारलं नव्हतं. १९८४ साली माझी सोयरीक मोडली, पत्रिका छापून आल्यावर. आईनं त्या टाकल्या नाहीत. कोऱ्या बाजूवर वाण्याची यादी लिहायची. एका बाजूला तूरडाळ दोन किलो, दुसऱ्या बाजूला माझं नाव. वर्षभर मी त्या दुकानाची पायरी चढले नाही. जिवलग मैत्रीण समोरून आली की मी गल्ली बदलायची. तिच्या लग्नाचं बोलावणं आलं नाही तेव्हा मात्र राहवलं नाही, घरीच गेले. ती रडायलाच लागली. म्हणाली, ‘ते स्थळ माझ्या मामानं आणलेलं, तू मला तोंड दाखवायची नाहीस असं धरून चालले होते.’ मामाचं माझ्या डोक्यातही नव्हतं! दोन वर्षं दोघी एकमेकींना चुकवत राहिलो.

२०१९ चा पूर तुला आठवत असेल. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट, पाणी ५५ च्या वर गेलेलं. आमच्या घरात कमरेइतकं होतं. उतरल्यावर शेजारच्या काकू ओरडून सांगत होत्या, ‘गाळ ओला हाय तवर काढा, वाळला की बसतोय.’ पुढच्या खोल्या आम्ही खराट्यानं पाण्याबरोबरच ढकलून काढल्या. मागची अडगळ राहिली, ती दिवाळीत उलथन्यानं खरवडली. तिथला डाग अजून आहे.

तुझ्या गोष्टीला महिनाही झालेला नाही. सगळ्या ग्रुपसमोर खुलासा करत बसू नकोस, एकीला गाठ. जी हसली तिला आत्ताच नको, जी परसाच्या दारापर्यंत येऊन परत फिरली तिला. ‘त्या दिवशी मी बाहेर आले नाही, लाज वाटत होती’ एवढंच म्हण. त्याचा विषय तिथं काढू नकोस. त्याचा नंबर आजच ब्लॉक कर, त्यावर मला चर्चा नको.

जेवण-झोप असंच बिघडलेलं राहिलं तर डॉक्टरांना दाखवायचं, मी सोबत येईन. आणि जगणंच नको वाटलं तर क्षणभरही थांबू नकोस. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर फुकट आहे, रात्रीबेरात्री चालू असतो, मराठीत बोलतात. मलाही उठव. माझी झोप तशीही कुत्र्याची.

रविवारी घरी ये. आईला विचारून आजीची दोन जुनी लुगडी आण, वाकळ शिवायला घेऊ. ताणून धरायला चार हात कमी पडतात, तेव्हा त्या मैत्रिणीलाही आणलंस तर बरं. आणि येताना जाड दोरा घेऊन ये, माझा संपलाय.

तुझी,
बाई