नाल ठोकल्यावर तीन दिवसांनी घोडा लंगडायला लागला, पुढचा डावा पाय टेकवत नाही, काय करू?

पुढचा डावा पाय टेकवत नाही म्हणताय, तर बहुधा एखादा खिळा खुराच्या आतल्या जिवंत भागाला फार जवळून गेलाय. थेट आत घुसला असता तर ठोकतानाच घोड्याने पाय हिसकला असता. दोन-चार दिवसांनी लंगडतो तेव्हा खिळ्याचा दाब तरी असतो, नाहीतर आत पू धरलेला असतो.

दोन्ही पुढच्या खुरांवर तळहात ठेवून बघा. दुखरा खूर गरम लागतो, आणि खुराच्या जरा वर, मागच्या बाजूला नाडी जोरात उडताना बोटाला कळते. दोन्ही गरम असतील तर प्रकरण वेगळं, खिळ्यांत वेळ न घालवता डॉक्टरांना बोलवा.

एकच गरम असेल तर नालबंदाला नाल एकदम उपटू देऊ नका, एकेक खिळा सुटा काढायला लावा. ज्याला घोडा दचकेल किंवा जो ओला, काळपट, घाण वासाचा निघेल, तोच तो. पू डॉक्टरांनीच काढावा, चाकूने घरी कोरत बसू नका. त्यांनी बघेपर्यंत वेदनाशामकही नको, लंगडणं झाकलं जातं.

धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय का ते आजच विचारा. घोड्याला तो फार पटकन होतो.